वाचकांचे प्रश्न: कॅमेऱ्यात आला नाही म्हणजे पक्षी नाहीच का?

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात कॅमेरा ट्रॅपबद्दल, म्हणजे जंगलात झाडाला बांधून ठेवतात आणि समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढतो त्या कॅमेऱ्याबद्दल, आणि त्यात सापडणाऱ्या, जमिनीवर चालणाऱ्या लाजाळू पक्ष्यांबद्दल थोडंसं लिहिलं होतं. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. काही प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न: ताई, तुम्ही लिहिलं होतं की पापुआ न्यू गिनीच्या एका बेटावर १४० वर्षं न दिसलेला पक्षी २०२२ मध्ये कॅमेऱ्यात सापडला. मला हे काही पटत नाही. बेटावर माणसं राहतात, पक्षी चांगला कोंबडीएवढा, मग इतक्या वर्षांत कुणालाच कसा दिसला नाही?
(निवृत्त बँक अधिकारी, कोथरूड)

उत्तर: काका, तुमची शंका रास्त आहे, कारण बेटावरच्या माणसांना तो दिसत होताच! दिसत नव्हता तो बाहेरून येणाऱ्या अभ्यासकांना, आणि पुस्तकात नोंद होते ती त्यांनी पाहिलं तरच.

बेटाचं नाव फर्ग्युसन (आपल्या पुण्यातल्या वाचकांना नाव लक्षात ठेवायला सोपं) आणि पक्ष्याचं नाव ब्लॅक-नेप्ड फेझंट-पिजन. जातीने कबुतर, पण झाडावर बसून घुमणारं नव्हे, जंगलात पाचोळ्यावरून शेपूट हलवत तुरुतुरु चालणारं. तिथले लोक त्याला औवो म्हणतात. १८८२ मध्ये त्याचे नमुने गोळा केले गेले आणि त्यानंतर शास्त्रीय नोंद अशी एकही नाही. २०१९ मध्ये शोध घेतला तेव्हाही हाती काही लागलं नव्हतं. मग सप्टेंबर २०२२ मध्ये अभ्यासकांची टीम महिनाभरासाठी परत गेली, बेटावरचा सगळ्यात उंच डोंगर माउंट किलकेरन, त्याच्या उतारावर १२ कॅमेरे लावले आणि आणखी ८ कॅमेरे स्थानिक शिकाऱ्यांनी 'इथे पाहिलाय' म्हणून सांगितलं तिथे लावले. परत निघायला जेमतेम दोन दिवस उरले होते आणि तेव्हा एका कॅमेऱ्यात तो चालताना सापडला.

आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगते. तो कॅमेरा नेमका तिथेच का लावला गेला? तर डुडा उनुना नावाच्या गावातले शिकारी ऑगस्टिन ग्रेगरी यांनी सांगितलं की अमुक भागात, जिथे उभ्या धारा आणि खोल घळी आहेत, तिथे मी हा अनेकदा पाहिलाय आणि त्याची हाकही ऐकलीय. त्या माणसाला विचारलं, त्याचं ऐकलं, म्हणून २० कॅमेऱ्यांतला एक बरोबर जागी गेला. बातम्यांमध्ये कॅमेऱ्याचं कौतुक जास्त झालं, मला ते कायम थोडं खुपतं.

आणि अभ्यासकांना का दिसत नाही म्हणाल तर घनदाट पावसाळी जंगलात माणसाला धड दहा-पंधरा फुटांपलीकडचं दिसत नाही, पाचोळ्यावर आपल्या बुटांचा आवाज मात्र लांबवर जातो. जमिनीवरचा पक्षी उडून दाखवतच नाही, तो नुसता झुडपामागे सरकतो आणि थांबतो, आपण शेजारून निघून जातो. कॅमेरा बोलत नाही, हलत नाही, महिनाभर एका जागी बसतो, एवढाच त्याचा मोठेपणा.

प्रश्न: ताई, मी एमएस्सीला आहे. प्रोजेक्टसाठी मुळशीकडे ओळखीच्यांच्या खासगी रानात ६ कॅमेरे १० दिवस लावले होते, चकोत्रीसाठी (रानकोंबडीसारखा, जमिनीवर चालणारा तांबूस तपकिरी पक्षी). साळिंदर आलं, मुंगूस आलं, बिबट्या एकदा आला, मोर तर रोज, पण चकोत्री एकदाही नाही. गाइड म्हणतात 'या भागात आढळत नाही' असं लिही. लिहू का? गावातले लोक तर म्हणतात आहे.
(विद्यार्थिनी, कर्वेनगर)

उत्तर: नको लिहूस. गाइडशी भांडायचं नाही, पण हे उत्तर त्यांना दाखव हवं तर.

६ कॅमेरे गुणिले १० रात्री म्हणजे ६० ट्रॅप नाइट्स. (दिवस-रात्र मिळून एक, मोजताना 'नाइट' म्हणतात एवढंच.) आता असं धर की चकोत्री तिथे नक्की आहे आणि एका कॅमेऱ्यासमोरून ती एका दिवसात जाण्याची आणि टिपली जाण्याची शक्यता २ टक्के आहे. हा २ चा आकडा मी हिशोब कळावा म्हणून धरलाय, तुझ्या रानाचा नाही. म्हणजे न टिपली जाण्याची शक्यता ०.९८, आणि ६० वेळा लागोपाठ न टिपली जाण्याची शक्यता ०.९८ चा ६० वा घात. कॅल्क्युलेटरवर कर, जवळपास ०.३० येतं. म्हणजे पक्षी तिथे असूनसुद्धा तुझे सगळे कॅमेरे रिकामे येण्याची शक्यता १०० त ३०! आणि २ च्या जागी १ टक्का धरलास तर १०० त ५५, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच झालं. 'असूनही दिसला नाही' ही शक्यता ५ टक्क्यांच्या खाली आणायची असेल तर २ टक्क्यांच्या हिशोबाने दीडशे ट्रॅप नाइट्स लागतात. त्यातही एकाच झुडपाजवळ सगळे कॅमेरे लावले तर ते दीडशे खरे दीडशे नव्हेत.

हाच घोळ सोडवायला २००२ मध्ये मॅकेन्झी नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ऑक्युपन्सी मॉडेल मांडलं, आता सगळीकडे तेच वापरतात. त्यातली मूळ कल्पना अवघड नाहीये. एकाच जागी पुन्हा पुन्हा बघायचं, आणि जिथे पक्षी आहे हे पक्कं कळलंय तिथेही तो किती वेळा हुकला हे मोजायचं, मग त्यावरून जिथे अजिबात दिसला नाही त्या जागांपैकी साधारण किती जागी तो असूनही हुकला असेल याचा अंदाज लावायचा. 'नाही' आणि 'दिसला नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मराठीत तर त्या वेगळ्या शब्दांत लिहिताही येतात, म्हणून रिपोर्टमध्ये 'एकूण ६० ट्रॅप नाइट्समध्ये नोंद झाली नाही' असं आकड्यासकट लिही. पुढच्या वर्षी दुसरं कुणी तिथे गेलं तर त्याला तुझ्या ६० च्या पुढे मोजता येईल. 'आढळत नाही' लिहिलंस तर कुणी जाणारच नाही.

आता कॅमेरे कसे लावलेस ते तू लिहिलं नाहीस, पण बिबट्या छान आलाय म्हणतेस त्यावरून मला शंका येते की ते गुडघ्याएवढ्या उंचीवर होते. वाघ-बिबट्यासाठी ते ठीक. चकोत्री केवढीशी असते, गावठी कोंबडीपेक्षाही लहान. तिच्यासाठी कॅमेरा जमिनीपासून एक वीत, फार तर दीड वीत, आणि समोरचं गवत आडवं करून घ्यायचं.

दुसरं म्हणजे सेन्सर. हे कॅमेरे नुसत्या हालचालीवर चालत नाहीत, मागच्या पानापाचोळ्याचं तापमान आणि समोरून सरकणाऱ्या अंगाचं तापमान यातला फरक त्यांना कळतो. पक्ष्याचं अंग आतून चाळीसेक डिग्री गरम असलं तरी वर पिसांची गोधडी असते, त्यामुळे बाहेरून तो फारसा गरम 'दिसत' नाही. त्यात एप्रिल-मेची दुपार, हवाच ३६-३७ डिग्री, मग सेन्सरला पक्षी आणि दगड सारखेच. माझ्या पहिल्या वर्षी माझं अगदी हेच झालं होतं. मे महिना, तोंड पश्चिमेला, कार्डात एकोणीसशे फोटो, आणि त्यातले जवळजवळ सगळे उन्हात हलणाऱ्या एका करवंदीच्या फांदीचे. रात्री जेवण झाल्यावर एकेक बघत बसले होते, डोळे चुरचुरायला लागले, आणि मग एका फोटोत अगदी डाव्या कडेला तांबूस तपकिरी शेपटीची तीन पिसं आणि एक लालसर पाय. बस्स, तेवढंच. पुढचा फोटो पुन्हा फांदी. ती चकोत्री होती असं मला आतून वाटतं, पण तीन पिसांवर नोंद करता येत नाही, मी केली नाही. पुढच्या वेळी तोंड उत्तरेला केलं, समोरच्या फांद्या बाजूला बांधल्या (तोडल्या नाहीत, बांधल्या) आणि फेब्रुवारीत लावला.

जाता जाता एक युक्ती सांगते, कॅमेरा लावल्यावर चाचणी घ्यायला आपण सगळे समोरून चालत जातो, तो पटकन फोटो काढतो, आपण खूश. पण आपण म्हणजे हत्तीच! स्टीलच्या छोट्या बाटलीत गरम पाणी भर, वर जुना पायमोजा चढव, दोरी बांधून ती जमिनीवरून ओढ. दोन मीटरवर, तीन मीटरवर, चार मीटरवर. जिथे कॅमेरा गप्प बसतो तिथून पुढे तुझा कॅमेरा चकोत्रीसाठी आंधळा. ते अंतर वहीत लिहून ठेव.

प्रश्न: वाघांची संख्या कॅमेरा ट्रॅपवरून सांगतात, मग रानकोंबड्यांची का सांगत नाहीत?
(शाळकरी मुलगा, नववी, सिंहगड रोड)

उत्तर: कारण प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. वन्यजीव अभ्यासक उल्हास कारंथ यांनी नव्वदच्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात त्याच आधारावर वाघ मोजले, कोणता वाघ पुन्हा आला आणि कोणता नवीन हे फोटोवरून ओळखायचं आणि त्यावरून गणित करायचं. रानकोंबडा आज आला तो कालचाच की दुसरा, हे फोटोवरून सांगता येत नाही. दहा फोटो म्हणजे दहा कोंबडे असतील किंवा एकच दहा वेळा आला असेल. म्हणून पक्ष्यांच्या बाबतीत संख्या न सांगता किती जागी आढळला ते सांगतात, आणि एका कॅमेऱ्यावर अर्ध्या तासाच्या आत आलेले फोटो बहुतेक जण एकच भेट धरतात. प्रश्न मस्त आहे तुझा.

प्रश्न: आपल्या देशात असं काही झालंय का? का सगळं परदेशातच?
(गृहिणी, सदाशिव पेठ, हाच प्रश्न आणखी चौघांनी विचारलाय)

उत्तर: झालंय की! आणि ती गोष्ट फर्ग्युसनच्या कितीतरी आधीची आहे. फक्त ते पावसाळी जंगल नव्हे, काटेरी झुडपांचं रान आहे, आंध्र प्रदेशातल्या कडप्पा भागात. पक्षी जेर्डन्स कोर्सर. रात्री हिंडणारा, जमिनीवरच राहणारा, टिटवीच्या जवळचा वाटावा असा. १९०० नंतर त्याची नोंदच नव्हती, नामशेष झाला असंच धरून चालले होते. १९८६ च्या जानेवारीत बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे) अभ्यासक भारत भूषण यांना तो परत मिळाला, आणि मिळाला तो कसा, तर ऐतन्ना नावाच्या स्थानिक माणसाने रात्री टॉर्चच्या उजेडात पकडून आणला. बघा, पुन्हा तेच, रान ज्याच्या पायाखालचं त्यालाच माहीत होतं.

पण खरी मेहनत त्यानंतरची आहे. रात्रीचा पक्षी, संख्या अगदी थोडी, मग तो कुठे कुठे आहे हे शोधायचं कसं? तिथल्या अभ्यासकांनी झुडपांमधल्या मोकळ्या जागेत मऊ चाळलेल्या मातीच्या पट्ट्या तयार केल्या, सकाळी जाऊन त्यावरचे पायांचे ठसे बघायचे, आणि जोडीला आपोआप फोटो काढणारे कॅमेरे. हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालंय, म्हणजे तेव्हा रोलचे कॅमेरे, मेमरी कार्डाचा काळ अजून यायचा होता! मला ती मातीची पट्टी फार आवडते. तिला सेल लागत नाही, चोरीला जात नाही, ऊन-सावलीने फसत नाही. पाऊस आला की पुसली जाते, तेवढं सोडलं तर. आणि पुढे याच पक्ष्याच्या अधिवासातून जाणार होता म्हणून तेलुगू गंगा कालव्याचा मार्ग बदलावा लागला. एका टिटवीएवढ्या पक्ष्यासाठी कालवा वळला. नोंद असेल तरच असं होतं, नोंदच नसती तर कुणी कशाला विचारलं असतं?

उलट उदाहरणही सांगायला हवं. व्हिएतनामचा एडवर्ड्स फेझंट, नर गडद निळा, डोक्यावर पांढरा तुरा. रानातली शेवटची पक्की नोंद २००० सालची. त्यानंतर त्या भागात कॅमेरे लावून शोध झालेत, इतर बरंच काही सापडलंय, हा नाही. तिथली जंगलं तारेच्या फाशांनी भरलेली आहेत आणि फास बघत नाही कोण अडकलं ते, रानडुकरासाठी लावलेल्या फासात जमिनीवरचा पक्षीही जातो. पिंजऱ्यातले एडवर्ड्स फेझंट जगभर आहेत, रानातला मात्र मिळत नाही. आपल्याकडे मुळशी-वेल्ह्याच्या बाजूला गाडीच्या क्लचवायरचे फास मी स्वतः काढून वनविभागाकडे दिलेत, तेव्हा हे व्हिएतनामचं आहे म्हणून सोडून देऊ नका.

प्रश्न: कॅमेऱ्याच्या फ्लॅशने पक्षी घाबरून जागा सोडत नाहीत का?
(पक्षीनिरीक्षक, औंध)

उत्तर: पांढरा फ्लॅश असेल तर त्रास होऊ शकतो, पण हल्लीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत इन्फ्रारेड असतो, त्यातही ८५० नॅनोमीटरवाल्यात अंधारात लालसर ठिपका चमकलेला दिसतो आणि ९४० वाल्यात जवळपास काहीच दिसत नाही. आणि रानकोंबडा, चकोत्री ही मंडळी दिवसा चरतात, रात्री झाडावर जाऊन बसतात, त्यांच्यावर फ्लॅश उडायची वेळच सहसा येत नाही. मला त्रास जास्त वाटतो तो आपल्या फेऱ्यांचा. दर दोन दिवसांनी कार्ड बघायला जाऊ नका हो. महिन्यातून एकदा पुरे.

प्रश्न: ताई राम राम. आमच्या गावाला, पौडच्या पुढे, देवराई आहे. रोज पहाटे रानकोंबडा ओरडतो, म्हातारी माणसं सांगतात की आत अजून एक 'ठिपक्यांची कोंबडी' आहे, आम्ही लहानपणी बघितली, आता दिसत नाही. पुतण्या म्हणतो ऑनलाइन कॅमेरा मागवू. मागवावा का? कायद्यात बसतं का?
(शेतकरी, मुळशी तालुका)

उत्तर: दादा, राम राम. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी कायद्याचं. देवराईची जमीन कुणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावर बघा. बऱ्याच देवराया वनविभागाच्या ताब्यात असतात, तसं असेल तर परवानगीशिवाय कॅमेरा लावायचा नाही, वनपाल किंवा आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) साहेबांना भेटून लेखी अर्ज द्या. अभयारण्यात तर वरच्या पातळीवरची परवानगी लागते. स्वतःच्या मालकीचं रान असेल तर प्रश्न नाही, देवस्थानचं असेल तर ट्रस्टचा आणि गावाचा होकार घ्या. आणि गावात दवंडी दिल्यासारखं सगळ्यांना सांगा की इथे इथे कॅमेरा आहे. सरपणाला बायका जातात, कुणी आडोशाला जातं, माणसांचे फोटो त्यात येतातच. ते कुणाला न दाखवता तिथल्या तिथे पुसायचे, हे पुतण्याला बजावून सांगा.

कॅमेरा मागवायला हरकत नाही, पण अगदी स्वस्तातला नको. मी एकदा तसा घेतला होता, जुलैच्या पहिल्याच आठवड्यात आत बाष्प धरलं आणि नंतर सगळे फोटो दुधात बुडवल्यासारखे. तुमच्याकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगायचा! पावसाळ्याचे चार महिने कॅमेरा घरीच ठेवा, दिवाळीनंतर लावा, आत सिलिका जेलची पुडी टाका. धान्य टाकून पक्षी बोलवायचे नाहीत, मग तो कुठे फिरतो ते कळत नाही, आणि शिकारीलाही सोपं होतं.

पण कॅमेऱ्याच्या आधी एक काम करा, तेही या महिन्यातच. त्या म्हाताऱ्या माणसांजवळ वही घेऊन बसा. ठिपके कुठे होते, पाठीवर की छातीवर? ठिपके पांढरे होते का? पाय कसल्या रंगाचे? डोळ्याभोवती लाल कातडी होती का? जोडीने फिरायची की थव्याने? ओरडायची कशी, तो आवाज त्यांना काढायला सांगा आणि पुतण्याच्या मोबाइलवर रेकॉर्ड करा. मुख्य म्हणजे देवराईत नेमकी कुठे, कुठल्या झाडाखाली, कुठल्या ओहोळाच्या काठाला, आणि शेवटची कुणी कधी पाहिली. चित्रं दाखवून 'हीच का' असं आधी विचारू नका, आपण दाखवलेलं चित्र बघून माणूस हो म्हणून जातो. आधी त्यांचं ऐकून घ्या, चित्रं शेवटी. ती पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची रंगीत चकोत्री असू शकते, साधी चकोत्रीही असू शकते, रानकोंबडीची मादीही असू शकते कारण तिच्या छातीवर काळं-पांढरं खवल्यांसारखं असतं. मी इथे पुण्यात बसून सांगू शकत नाही, तुमच्या गावातली ती माणसं सांगू शकतात.

ते सगळं लिहून झालं की त्यांनी दाखवलेल्या जागी दिवाळीनंतर कॅमेरा लावा, वीतभर उंचीवर, तोंड उत्तरेला. काही मिळालं तर फोटो सोशल मीडियावर टाकू नका, मोबाइलच्या फोटोत लोकेशन जातं आणि फास लावणारेही ते वाचतात. आधी वनविभागाला दाखवा आणि मला या सदराच्या पत्त्यावर पाठवा. आणि वहीची झेरॉक्स कॅमेऱ्याची वाट न बघता आत्ताच पाठवून द्या.